निदान लागेपर्यंत

ताई, तुम्ही लिहिलंत की मुंग्या येतात, चालताना पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही, आणि तरी निदान लागत नाही. हे मी तीन वर्षं भोगलंय. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. सध्या एवढंच करा.

- एक वही करा. तारीख, वेळ, कुठला भाग, किती मिनिटं. त्रास चालू असतानाच घरच्यांना मोबाईलवर व्हिडिओ काढू द्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.
- व्हिटॅमिन बी-१२, थायरॉईड, साखर तपासली का ते विचारा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचंच. पण रक्त देण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून ताकदीची इंजेक्शनं घेऊ नका, त्यात बहुधा बी-१२च असतं आणि आकडा फसवा येतो.
- गोळ्या मनाने बंद करू नका.

माझी मोठी चूक म्हणजे परभणी, लातूर, संभाजीनगर असे डॉक्टर बदलत गेले आणि दर वेळी जुने कागद घरीच. तपासण्या पुन्हा पहिल्यापासून! एकच न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर, धरा. फाईल तारखेने लावा, एमआरआयची सीडीही त्यातच ठेवा.

एकाएकी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.

आणि तपासणीला एकट्या जाऊ नका. सोबतच्या माणसाला आपण विसरलेलं आठवतं.