वाचकांचे प्रश्न: विजया, पथ्य आणि दुखरे गुडघे

प्रश्न : वय ६४, वजन ७८ किलो, दोन्ही गुडघ्यांची झीज. वैद्यांनी विजयाच्या (म्हणजे भांगेच्या) अर्काचे थेंब रात्री घ्यायला लिहून दिलेत. कधी काहीच फरक पडत नाही, तर गेल्या रविवारी तेवढ्याच थेंबांनी भोवळ आली. औषधात भेसळ असेल का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बाटलीआधी ताट बघा. रविवारी मटण-रस्सा होता का? भांगेतले गुणकारी घटक पाण्यात नाही, तेला-तुपात विरघळतात. त्यातलं सीबीडी (नशा न आणणारा घटक) उपाशीपोटी घेण्यापेक्षा भरपूर स्निग्ध जेवणावर घेतलं तर चार ते पाच पट जास्त रक्तात उतरतं. म्हणजे एकादशीचे थेंब आणि मटणाच्या दिवशीचे थेंब मोजायला सारखे, अंगाला सारखे नाहीत. त्यात उपवासाच्या रात्री गुण आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी थेंब वाढवले, की घोटाळा ठरलेलाच.

रोज एकाच वेळी, एकसारख्या जेवणावर घ्या : ज्वारीची भाकरी, भाजी, चमचाभर तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. जेवण चुकलं तर थेंबही चुकू द्या. पोटात घेतलेल्या औषधाचा असर दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. तासाभरात काही वाटलं नाही म्हणून पुन्हा घेऊ नका. रात्री उठताना आधी पलंगावर बसा, दिवा लावा, मग पाय खाली टाका. या वयात पडणं झिजेपेक्षा महाग पडतं. अंगात असर असेतो दुचाकी नको.

अर्कात टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) असेल तर भूकही खवळते. रात्री दहाला भडंगाचा डबा उघडला जातो (सांगलीत तो हाताशीच असतो), आणि तिथेच औषध गुडघ्यावर उलटतं. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरवलेत तर वीस. थेंबांकडून एवढी अपेक्षा ठेवू नका. भूक आवरत नसेल तर वैद्यांना सांगून मात्रा बदलून घ्या.

प्रश्न : आईला आमवात आहे. मेथोट्रेक्सेट बंद करून हे औषध आणि हळदीचं दूध सुरू करावं का? – एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : बंद अजिबात नको. मेथोट्रेक्सेट सांध्याची झीज रोखतं. विजयाने फार तर वेदना आणि झोप सुधारेल, आतली झीज चालूच राहील. तेही नक्की नाही. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या रुग्णांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी दिलं, तेव्हा ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. शिवाय मेथोट्रेक्सेट आणि सीबीडी, दोन्हींचा ताण यकृतावर येतो. विजया सुरू करायचंच असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना आधी सांगा, आणि एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) करून मगच.

हळद फोडणीत, दुधात चिमूटभर खुशाल. पण रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर मिरीयुक्त हळदीच्या कॅप्सूल नकोत. सीबीडीनेही वॉरफरिनचा जोर वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) लवकर करून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारं हेम्पच्या (भांगेच्याच जातीच्या झाडाच्या) बियांचं तेल चालेल का? स्वस्त पडतं. – एक वाचक, मिरज

उत्तर : खायला चालेल, औषध म्हणून नाही. बियांच्या तेलात सीबीडी, टीएचसी नावालाच असतं. लेबलवर ‘५००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं बहुधा तेलाचंच वजन असतं. ‘विजया पत्र’ आणि आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक लिहिलेला असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि तीही चिठ्ठीवरच.

ओमेगा-३ साठी घेणार असाल तर जवस त्याहून सरस : १०० ग्रॅम जवसात सुमारे २२ ग्रॅम, हेम्पच्या बियांत साधारण नऊ. तडतडेपर्यंत मंद आचेवर भाजा, गार करा, लसूण-तिखट घालून कुटा. अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं. आठवड्याला पुरेल एवढीच चटणी करा. ठेवून ठेवून तिला खवट वास येतो.