जुनी पिकअप घरच्या घरी कमी पैशांत रंगवता येईल का? रेड ऑक्साइडवर ऑइलपेंट चालेल का?

तुमची गाडी बारा वर्षांची, दिंडोरी भागात द्राक्षबागेच्या कामावर. हौद्यात फवारणीचे ड्रम, खताच्या गोण्या, हंगामात क्रेट. गॅरेजवाल्याचा आकडा परवडत नाही, म्हणून घरी रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारून वर ऑइलपेंट द्यायचा विचार आहे, आणि ब्रश घ्यावा की कॉम्प्रेसर भाड्याने आणावा हे विचारलंय.

चालेल. पण ब्रश की गन हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. फवारणीचे ड्रम हे दोन शब्द तुम्ही लिहिलेत म्हणून उत्तर द्यायला बसलो.

आमची पिकअपही याच कामावर होती. हौदा दिवाळीआधी रंगवला. तारेच्या ब्रशने गंज काढला, रेड ऑक्साइडचे दोन हात, ऑइलपेंटचे दोन हात, सगळं रीतसर. जुलैत तळावर ज्वारीच्या दाण्याएवढे फोड आले, गणपतीपर्यंत ते रुपयाएवढे झाले. एक फोड नखाने उचलला तर आतून तांबूस पाणी आलं. रंगाचा पोपडा अखंड निघाला, त्याच्या पाठीला रेड ऑक्साइड जसंच्या तसं चिकटलेलं. म्हणजे प्रायमर आणि रंग यांचं भांडण नव्हतं. प्रायमरने पत्राच सोडला होता. खालचा पत्रा काळपट, आणि ड्रम ठेवायच्या जागी खरवडल्यावर एक लालसर झाक दिसली, तांब्याच्या भांड्याला असते तशी. तो गंज नव्हता, ते खरोखर तांबंच होतं.

मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी उघड्या लोखंडावर सांडलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांब्याचा थर बसतो. मग तांबं आणि लोखंड शेजारी, वर ओल, की लोखंड आणखी वेगाने झिजतं. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण) करताना चुना मिसळायच्या आधीचं जे नुसतं मोरचुदाचं पाणी असतं, ते जास्त वाईट. तीच गत खताची. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. गोणी फाटली की ते पत्र्याच्या खड्ड्यांत जाऊन बसतं. तारेचा ब्रश वरचा गंज काढतो, खड्ड्यातलं मीठ तसंच राहतं. त्यावर रंग मारला की पावसाळ्यात ओल रंगातून हळूहळू आत झिरपते, कारण मीठ ती ओढून घेतं. आत पाणी साचतं आणि फोड येतो. रंग कितीही भारी घ्या, हे थांबत नाही.

आमच्या मामांनी आयुष्यभर ट्रकच्या बॉड्या रंगवल्या, आणि त्यांचा नियम एकच: उघड्या पत्र्याला पाणी लावायचं नाही. "पाणी लावलं की लगेच गंज धरतो, थिनरच्या फडक्याने पूस आणि मार." हौदा धुवू या म्हटल्यावर त्यांनी मला धुवू दिला नाही. मामा, तुमचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ आहे, पण या बाबतीत तुमचं चुकलं. थिनरने तेल आणि ग्रीस निघतं, मीठ निघत नाही. मीठ पाण्यातच विरघळतं. गाड्यांच्या कारखान्यांत उघडा पत्रा रंगाआधी पाण्याच्या टाक्यांमधून काढतात, एकदा नाही, अनेकदा. धुतल्यावर तासाभरात जी पिवळी झाक येते तिला घाबरायचं कारण नाही, १२० नंबरचा कोरडा पेपर फिरवला की जाते.

तर तुमच्या हौद्याचं काम असं करा.

आधी वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन आणा. वरून, खालून आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांतूनही. तळाची पाणी जायची भोकं सळईने मोकळी करा, त्यांत माती आणि पाला दगडासारखा बसलेला असतो. मग सैल रंग आणि गंज काढा. चार इंची ग्राइंडरला नुसता तारेचा कप ब्रश लावला तर गंज घासून चकचकीत होतो, निघत नाही. चकाकणारा तपकिरी पत्रा दिसला म्हणजे गंज अजून तिथेच आहे. तिथे ८० नंबरची फ्लॅप डिस्क लावा, पण एका जागी दाबून धरू नका, बारा वर्षांचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो. टोकदार हातोडीने ठोकून बघा. जिथे आवाज बद्द येतो किंवा टोक आत जातं, तिथे पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घ्या. हौद्याच्या तळाला लांबी (पुट्टी) कधीच भरू नका. क्रेट आपटले की तळ लवतो, लांबी तडकते, आणि तडीत पाणी मुरतं.

घासून झाल्यावर पुन्हा धुवायचं, आणि हेच मामांना पटत नाही. गरम पाणी, थोडी धुण्याची पावडर, नायलॉनचा घासणीब्रश. खड्डे असलेल्या जागा तीनदा घासा आणि दर वेळी भरपूर साध्या पाण्याने काढा. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटच्या हाताला दहा-पंधरा लिटर आरओचं गाळलेलं पाणी वापरा, टाकाऊ पाइपचं नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. मग फडक्याने पुसून गाडी उन्हात लावा. सांध्यांतलं पाणी लवकर सुकत नाही, कॉम्प्रेसर आणलाच तर तिथे हवा मारा.

आता घाई करू नका. एक रात्र गाडी तशीच उघडी ठेवा. दिवाळीनंतर आपल्याकडे पहाटे दव पडतं, ते इथे उपयोगी आहे. सकाळी सगळ्या पत्र्यावर सारखी फिकी झाक असेल तर मीठ गेलं. खड्ड्यांमध्ये गडद ठिपके उठले असतील, घाम फुटल्यासारखे ओलसर, तर तिथे मीठ शिल्लक आहे. तेवढीच जागा पुन्हा घासा, पुन्हा धुवा. आमच्या हौद्याला दुसऱ्या वेळी हे तीनदा करावं लागलं, शेवटच्या सकाळी ड्रमची जागा बाकीच्या पत्र्यासारखीच दिसली. तो रंग तीन पावसाळे टिकलाय. क्रेट घासून काही जागी गेलाय, पण फोड एकही नाही.

झाक १२० पेपरने काढून, थिनरने पुसून त्याच दिवशी प्रायमर. रेड ऑक्साइड बाहेरच्या फळ्यांना आणि चॅसीला ठीक आहे, पण ते स्वतः पाणी अडवत नाही, वर रंग हवाच. तळाला आणि आतून मात्र दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर घ्या, पैसे वाढवायचे तर इथेच. मिसळायचं प्रमाण डब्यावरचंच पाळा, अंदाजाने नको. वरचा रंग चोवीस तासांत द्या, उशीर झाला तर ३२० पेपरने मारून घ्या.

ब्रशचं उत्तर इथे येतं. धारदार कडा, वेल्डिंगच्या रेषा, नटबोल्ट आणि खड्डे यांवर रंग पातळ राहतो, सुकताना कडेवरून मागे सरकतो. म्हणून प्रत्येक थराआधी या जागांवर ब्रशने एक जादा हात रगडून द्यायचा. सपाट भागाला चार इंची फोमचा रोलर. हौद्यासाठी गन आणूच नका, निम्मा रंग हवेत जातो आणि खड्ड्यात शिरत नाही.

रंग किती लागेल? हौदा अडीच मीटर लांब, पावणेदोन रुंद, चाळीस सेंटिमीटर उंच धरला तर तळ आणि फळ्या आतून-बाहेरून मिळून साधारण ११ चौरस मीटर होतात. केबिन बाहेरून दहाएक. ऑइलपेंटचा लिटर एका हाताला दहा चौरस मीटरच्या आसपास जातो. म्हणजे दोन हातांना ४ लिटरचा डबा आणि वर अर्धा-एक लिटर. टर्पेंटाइन शेकडा पाच-दहा, त्याहून जास्त नको. पहिला हात जाड मारलात तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि दुसऱ्या हाताला सुरकुत्या येतात. दोन हातांत एक पूर्ण दिवस ठेवा. सकाळी दहा ते दुपारी तीन एवढंच काम करा, संध्याकाळचं दव ओल्या रंगावर पडलं की चकाकी मरते. माल भरायची आठ-दहा दिवस घाई करू नका.

केबिनला एवढं काही नाही. कंपनीचा रंग घट्ट असेल तर तो काढूच नका, तुम्ही देणार त्यापेक्षा तो चांगला आहे. आधी साबणाने धुवा, थिनर मारलेल्या फडक्याने पुसा, मगच ४०० चा वॉटर पेपर. उलट केलंत तर पॉलिशचं सिलिकॉन घासून आत जातं आणि नव्या रंगाला डोळे (छोटे गोल खळगे) पडतात. पोचे काढायचे तर पॉलिस्टर लांबी, १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर, एका वेळी लिंबाएवढीच कालवा. ती घासताना कोरडा पेपर, पाणी नको, कारण ती पाणी पिते. मामांचा नियम इथे शंभर टक्के लागू आहे.

राहिलेल्या गोष्टी. जुना रंग ऑइलपेंट असेल तर त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारू नका, त्यांचं थिनर खालचा रंग उचलतं. कोपऱ्यात थिनरचं फडकं दोन मिनिटं ठेवून बघा. पीयूचा मोह झाला तर तो घराच्या अंगणात गनने फवारू नका. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासातून गेले की दमा लागू शकतो, आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही. एपॉक्सीलाही हातमोजे हवेत. डिझेल टाकीजवळ ग्राइंडर चालवू नका, वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रंग आरसीवर आहे तोच ठेवा, बदलायचा असेल तर आधी आरटीओत नोंद. रंगाखाली गेलेल्या रिफ्लेक्टर पट्ट्या पासिंगआधी नव्या लावा: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

आणि पुढच्या छाटणीपासून मोरचुदाचा ड्रम प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवूनच हौद्यात चढवा.