नॅरोबोटवर राहून वर्क फ्रॉम होम : नेटचं काय?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला नोकरी लागलीये, तिथली भाडी बघून डोळे पांढरे झालेत म्हणून नवरा-बायको नॅरोबोट (राहता येईल अशी लांब, अरुंद बोट) घेऊन कॅनालवर राहायचा विचार करताय, आठवड्यातले तीन दिवस घरून काम, तर बोटीवर ब्रॉडबँड मिळतं का. फिरत्या बोटीला लाइन बिइन विसरा. मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या तळावर) वायफाय असतं पण ते मेल बघण्यापुरतं, संध्याकाळी सगळे बोटवाले एकदम सिनेमे लावून बसले की ते मान टाकतं. त्यामुळे मोबाइलचं सिम हेच तुमचं ब्रॉडबँड, आणि ते बऱ्यापैकी चालतं, मी स्वतः त्यावरच पोट भरते.

पण "कुठलं नेटवर्क बेस्ट" ह्या प्रश्नाला इथे उत्तर नाही. कारण सांगते. स्वतःची ठरलेली मूरिंगची, म्हणजे बोट बांधायची, जागा नसेल तर तुमचं लायसन्स कंटिन्युअस क्रूझरचं, म्हणजे सतत फिरत्या बोटीचं, आणि १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी जास्तीत जास्त १४ दिवस, मग पुढे सरकायचं (कॅनाल सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टची माणसं बोटींचे नंबर टिपत फिरतात, चालढकल चालत नाही). म्हणजे दर पंधरवड्याला घर नवीन आणि टॉवरही नवीन. आज ज्या सिमवर धो धो स्पीड आहे ते पुढच्या गावात एक काडी दाखवेल. म्हणून दोन सिम घ्याच, आणि दोन वेगळ्या नेटवर्कची.

इथेच नवीन लोक फसतात. दुकानात ब्रँड ढीगभर दिसतात पण नेटवर्क मोजकीच आहेत : ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री, त्यातले शेवटचे दोघं २०२५ मध्ये एक झालेत. बाकीचे ह्यांच्याच खांद्यावर बसलेले, गिफगॅफ ओटूवर, स्मार्टी थ्रीवर, वॉक्सी आणि लेबारा दोन्ही व्होडाफोनवर. म्हणजे वॉक्सी आणि लेबारा घेऊन "माझ्याकडे दोन आहेत" म्हणालात तर दोन्ही एकदमच जाणार. शिवाय ईई-थ्री आणि ओटू-व्होडाफोन अशा जोड्या वर्षानुवर्षं टॉवर वाटून वापरत आलेल्या आहेत, त्यामुळे माझं मत सरळ आहे, एक ईईवरचं आणि एक ओटूवरचं. एक अनलिमिटेड, दुसरं थोड्या डेटाचं, अडल्यावेळी. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी धरा म्हणजे कितीचं घ्यायचं ते कळेल. अनलिमिटेड घेताना हॉटस्पॉट आणि राउटरमध्ये चालतं का हे अटींत वाचा, सगळ्यांचं सारखं नसतं.

सिम मिळवणं मात्र आपल्यापेक्षा सोपं, प्रीपेडला ना आधार ना पासपोर्ट, सुपरमार्केटमधून उचला आणि टाका. ३० दिवसांचेच प्लॅन घ्या. २४ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टला क्रेडिट हिस्टरी आणि पत्ता मागतात, नवीन आलेल्याकडे पहिलं नसतं आणि बोटवाल्याकडे दुसरं.

आता खरी अडचण. नॅरोबोट म्हणजे स्टीलचा डबा, बाजू ६ एमएम, छप्पर ४ एमएम. आत बसून कॉल करणं म्हणजे गोदरेजच्या कपाटात शिरून दार लावून फोन करणं. टोपाथवर, म्हणजे कॅनालकाठच्या पायवाटेवर, उभं राहिलं की फोर-जी फुल्ल, आत पाय ठेवला की गायब. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे छोटा माय-फाय (सिम घालून वायफाय देणारी डबी) खिडकीच्या काचेला टेकवून ठेवायचा, पुष्कळ लोक तेवढ्यावर भागवतात. पण रोज मीटिंगा असतील तर छपरावर बाहेरचा अँटेना हवाच. सर्व दिशांचा घ्या, एका दिशेचा नको, नाहीतर दर मुक्कामाला टॉवर शोधत छपरावर चढाल. त्यातून दोन केबल येतात त्या दोन्ही राउटरला लावायच्या. केबल जितकी लांब तितका सिग्नल वाटेतच मरतो, फाइव्ह-जीचा तर जास्तच, म्हणून राउटर अँटेनाच्या अगदी खाली ठेवा. छपरावर मशरूमच्या आकाराचे व्हेंट असतात, त्यातून केबल आत घेता येते, भोक पाडायची गरज नाही. आणि अँटेना चुंबकाचा किंवा आडवा होणारा बघा, पूल इतके बुटके असतात की उभा दांडा गेलाच म्हणून समजा.

विजेकडे कोणी बघत नाही आणि हिवाळ्यात रडतात. राउटर साधारण १० वॉट खातो, २४ तास चालू ठेवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअर-अवर गेले. ११० ची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे हातात ५५, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त नुसत्या राउटरने खाल्ला, अजून फ्रीज, पंप, दिवे, लॅपटॉप आहेतच. त्यात डिसेंबरात सोलर नावापुरतं, आणि आजूबाजूला बोटी बांधलेल्या असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावायचं नाही असा नियम आहे. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर नको, थेट १२ व्होल्टवर लावा, मध्ये व्होल्टेज स्थिर करणारा छोटा कन्व्हर्टर टाका कारण चार्जिंग चालू असताना बॅटरी १४ च्या वर जाते. टेल्टोनिकासारखे राउटर ९ ते ३० व्होल्ट सहज घेतात, महाग आहेत पण हा कन्व्हर्टरचा ताप नाही आणि त्यातली काही मॉडेलं दोन सिम घेतात, एक मेलं की आपोआप दुसऱ्यावर. रात्री झोपताना बंद करायची सवय लावा.

स्टारलिंकबद्दल, म्हणजे सॅटेलाइटवरच्या इंटरनेटबद्दल, विचारलंत. मिनी डिश थेट डीसीवर चालते हे खरंय, पण २५ ते ४० वॉट, म्हणजे दिवसरात्र ठेवली तर वर सांगितलेली हातातली ५५ जवळपास सगळी तिलाच जाणार आणि बहुधा कमीच पडणार. शिवाय तिला मोकळं आकाश लागतं, कॅनालच्या कडेला तर झाडंच झाडं. बर्मिंगहॅमच्या आसपास राहणार असाल तर पहिल्या दिवशी घेऊ नका, आधी सिम, मग अँटेना, मग राउटर, आणि वेल्सच्या बाजूला लँगोलेन कॅनालवर वगैरे महिनोन्महिने फिरायचं ठरलं तर स्टारलिंकचा विचार करा.

काम असलेल्या दिवशी बोट हलवायची नाही हा नियम करून टाका. शहराबाहेर वूस्टरच्या दिशेला वास्ट हिल्सचा बोगदा आहे, जवळपास अडीच किलोमीटर, आत सिग्नल शून्य आणि बोट चालते माणसाच्या चालीने. श्रॉपशर युनियन कॅनालवर दोन्ही बाजूंनी दरडी असलेल्या खोल कटिंग्ज आहेत, तिथेही तेच. शनिवारी पुढे सरका, बांधायच्या आधी फोनवर दोन्ही सिमची स्पीड टेस्ट करा, नाही जमलं तर बोटीच्या चार लांब्या पुढे जाऊन परत बघा, पुलापलीकडे चित्र एकदम बदलतं. ऑफकॉमच्या (इथली दूरसंचार नियामक संस्था) साइटवर कव्हरेज बघता येतं, पण कॅनालला पिनकोड नसतो, नकाशावर नेमकी जागा टोचून बघा.

निघण्याआधी पुण्यातच करायच्या गोष्टी : फोन बँड २० (८०० मेगाहर्ट्झची फ्रीक्वेन्सी) घेतो का बघा, भारतात विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांत तो नसतो आणि इथे गावाबाहेर लांबवर पोचणारं फोर-जी बरंचसं त्याच ८०० मेगाहर्ट्झवर आहे. जुना थ्री-जी डोंगल आणू नका, इथलं थ्री-जी बंद झालंय. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातला नंबर रिचार्ज करत राहा आणि रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्या. इथलं सिम घेताना वायफाय कॉलिंग आहे का विचारा, म्हणजे स्टीलच्या आतही ऑफिसचा साधा फोन लागेल. ऑफिसचं व्हीपीएन मोबाइल नेटवरून सहसा बिनतक्रार चालतं, तरी आयटीवाल्यांना आधी सांगून ठेवा. पत्ता, जीपी (इथला फॅमिली डॉक्टर), बँक हे वेगळं प्रकरण आहे, ते हवं असेल तर विचारा, सवडीने लिहीन.