आठ वर्षांच्या मुलीला प्रोग्रॅमिंग शिकायला भावना ओळखणारा डिजिटल सोबती द्यावा का?

मुलीचा चेहरा किंवा वागणं पाहून तिची मनःस्थिती ताडणारं, ॲपमधलं बोलकं पात्र म्हणजे असा सोबती, तो तिला द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. प्रोग्रॅम चुकला की मुलगी टॅब्लेट बाजूला सारते, असंही तुम्ही लिहिलंय. सोबत्याचा कस लागतो तो नेमका तिथेच.

मी प्राथमिकच्या मुलांना स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, शिकवते. एकाने पडद्यावरचं मांजर चालवलं. कडेला आपटून ते परत फिरलं खरं, पण डोकं खाली आणि पाय वर! "मी बिघडवलं," म्हणत पोराचे डोळे भरले. मी एवढंच विचारलं, "उलटं कधी झालं? आपटायच्या आधी की नंतर?" त्याने चारदा चालवून पाहिलं. मांजर वळताना अख्खंच फिरतं, त्याला फक्त डावं-उजवं वळायला सांगायला हवं, हे त्याचं त्यानेच शोधलं. डोळे पुसायचंही भान राहिलं नाही त्याला.

चांगल्या सोबत्याने हेच करावं. मी वापरून पाहिलेल्या एका ॲपमधलं अस्वल मात्र मूल अडलं की "तू किती हुशार!" म्हणायचं आणि पुढच्याच क्षणी उत्तर दाखवायचं. मुलं दोन दिवसांत शिकली: गप्प बसलं की अस्वल सांगतं.

त्यापेक्षा मुलालाच शिक्षक करणारा सोबती मला फार आवडतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या 'बेटीज ब्रेन'मध्ये मुलं बेटी नावाच्या पात्राला विज्ञान शिकवतात. बेटी चुकली तर ती बेटीची चूक, त्यामुळे मूल न रुसता दुरुस्तीला लागतं. १९६७ मध्ये मुलांसाठी आलेल्या लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेत पुढे मुलाच्या आज्ञेनुसार चालणारं कासव आलं, त्याचंही असंच. कासव कुठे वळेल हे कळत नसेल तर मूल स्वतः उठून चालून बघतं.

कॅमेऱ्यातून चेहरा वाचणारा सोबती मात्र नकोच. विचारात गढलेलं मूल कपाळाला आठ्या घालतं, आणि ॲपला वाटतं ते चिडलंय. शिवाय लहान मुलाचा चेहरा कुठे साठवला जातो, हा प्रश्न आहेच. युरोपीय संघात तर वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता शिक्षणसंस्थांमध्ये भावना ताडणाऱ्या अशा एआय यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे.

ॲप घेण्याआधी स्वतः बसून मुद्दाम एक ब्लॉक चुकीचा लावा. सोबत्याने "काय व्हायला हवं होतं?" असं विचारलं तर मुलीच्या हाती द्या, पण पहिले काही दिवस शेजारी बसा.