कायद्याचं विचारा : आधी कलम की आधी निवाडा?

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, पणजीत एलएलबी करते. टॉर्टला (नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा) निवाडे वाचायचे आणि कौटुंबिक कायदा आला की सिव्हिल कोडची कलमं. दोन्हींची सरमिसळ होते. अभ्यास कसा करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्हींसाठी एकच वही असेल, तर ती आजच वेगळी करा. टॉर्ट खटल्यांतूनच वाढला. 1932 चा डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन घ्या. बाटलीत गोगलगाय निघाली, इथून सुरुवात करून तत्त्वापर्यंत जायचं. कोडमध्ये तत्त्व आधीच लिहिलेलं असतं, तिथून खाली उतरायचं.

आपल्याकडे गोव्यात 1867 चं पोर्तुगीज कोड 1870 पासून आहे. पोर्तुगालने 1966 मध्ये नवं कोड केलं, इथे मात्र जुनंच चालू राहिलं. वारशाचा भाग आता गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आहे, पण सांगाडा तोच.

एक हिशेब कागदावर मांडा. नवरा, बायको, दोन मुलं. लग्नाआधी वेगळा करार नाही, म्हणून मालमत्ता दोघांची सामाईक, समजा एक कोटी. नवरा वारला. पन्नास लाख बायकोचे, ते वारसा म्हणून नव्हेत, मुळातच तिचे. उरलेल्या पन्नासांपैकी पंचवीस लाखच तो मृत्युपत्राने हवे त्याला देऊ शकत होता. बाकीचे पंचवीस मुलांचे, त्यांना हात लावता येत नाही. कोल्हापुरात हिंदू माणूस स्वकष्टार्जित सगळी मिळकत मृत्युपत्राने परक्यालाही देऊ शकतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. घर सांभाळणाऱ्या बाईला इथे अर्ध्यासाठी कुणाची मर्जी धरावी लागत नाही.

हिशेब जमला की मगच निवाडे उघडा. गोंयकाराची मुंबईतली मिळकत कुठल्या कायद्याने वाटायची? गोव्याच्याच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं, आणि तो निवाडा आपल्या प्रत्येक कोर्टावर बंधनकारक आहे. म्हणजे नियम कोडचा, पण तो कुठवर पोचतो हे कॉमन लॉच्या, म्हणजे निवाड्यांतून घडणाऱ्या कायद्याच्या, रीतीने ठरलं. दोन्ही वह्या इथे शेजारी ठेवा.

सुट्टीत एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टातल्या कामाची, फाइल बघायला मागा. वारसांची यादी, मालमत्तेची यादी, वारसांनी आपापसांत लावलेली बोली, सगळं त्यात असतं. मुलींबरोबर जावयांचीही नावं पक्षकार म्हणून दिसतील. ती का, हे कुणाला न विचारता कलमांतून शोधा आणि मला कळवा.