आयाचा पगार तुमच्याच पगारातून का वजा करायचा?

ताई, तुम्ही फोंड्याहून लिहिलंय: वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी, हातात ३८,००० रुपये, मूळ पगार २२,०००. चौदा महिन्यांच्या मुलीला सांभाळणारी बाई आता १२,००० ऐवजी १८,००० मागते. यजमान म्हणतात, 'मग नोकरी सोड, उरतं तरी काय?'

आधी उरतं किती ते पाहू. आया १८,००० आणि जाण्यायेण्याचे ३,००० वजा केले, तर हातात १७,०००. पीएफमध्ये तुमचे १२ टक्के आणि कंपनीचे १२ टक्के मिळून आणखी ५,२८० जमतात (कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो). म्हणजे महिन्याला २२,२८०. मुलगी तीन वर्षांची होऊन बालवाडीत जायला २२ महिने आहेत. तेवढ्यात हे ४,९०,००० होतात. वाढीव ६,००० चा भार याच काळात १,३२,००० आहे. शिवाय तुमची साडेतीन वर्षं झालीत. पाच पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर सुमारे ६३,००० ची ग्रॅच्युइटीही (पाच वर्षं नोकरी केल्यावर कंपनी देते ती एकरकमी रक्कम) जाईल.

पण मला खटकलं ते वेगळंच. आयाचा खर्च फक्त तुमच्या पगारातून का वजा होतो? मूल दोघांचं आहे. यजमानांच्या ५२,००० पगारातून अर्धा धरा, सगळं चित्रच बदलतं. मनापासून घरी राहावंसं वाटत असेल तर जरूर राहा, पण हा हिशेब त्याचं कारण नव्हे.

बाईंची मागणी मला जास्त वाटत नाही. दहा तास, २६ दिवस, म्हणजे ताशी ७० रुपयेही पडत नाहीत. घासाघीस करून १५,००० वर आणाल, आणि दुसऱ्या घरी दोन हजार जास्त मिळताच त्या जातील. आता १६,५००, सहा महिन्यांनी १८,००० असं बोलून पाहा, महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या द्या, सगळं कागदावर लिहा.

कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. एचआरला लेखी विचारा. मात्र लहान मुलीला रोज वेर्ण्याला नेणं जमणार का, ते तुम्हीच ठरवा.

पैसे कमी पडले तर २२ महिने यजमानांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) अर्धी करा, मुदत ठेव मोडू नका. आणि चवथीला बाईंना एक महिन्याचा पगार बोनस द्यायचा असेल, तर आतापासून दरमहा १,५०० वेगळे काढा.