बेंझचं नाक, काड्यांचा हौदा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मी कळंबोलीत राहतो, न्हावा शेवा ते भिवंडी कंटेनर ओढतो आणि सुटीच्या दिवशी जुन्या ट्रकांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो. मागच्या अंकात माझ्या टाटा-बेंझचा फोटो छापून आला, तेव्हापासून पत्रं येतायत. ज्यांच्या उत्तरात इतरांच्याही कामाचं काही आहे, ती पत्रं आधी घेतो.

माझे वडील मस्जिद बंदरच्या एका ट्रान्सपोर्टकडे ड्रायव्हर होते. ते गाडीला कायम ‘बेंझ’ म्हणायचे, पण घरातल्या फोटोत तर टाटाचं चिन्ह आहे. मग गाडी कुठली होती? (एक वाचक, डोंबिवली)

वडील बरोबर सांगत होते आणि फोटोही बरोबर आहे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. तेव्हा जाळीवर बेंझची तीन टोकांची चांदणी असायची. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, चांदणी उतरली आणि तिथे टाटांचा ‘टी’ बसला. गाडी मात्र एका रात्रीत बदलली नाही, त्यामुळे ड्रायव्हर लोकांच्या तोंडचं नावही बदललं नाही. मी क्लीनर म्हणून लागलो तेव्हाही उस्ताद ‘बेंझ काढ’ असंच म्हणायचे. तेव्हा तुमचा फोटो १९६९ नंतरचा धरायला हरकत नाही.

फोटोत बॉनेटच्या बाजूला आकडा दिसतो का ते भिंग लावून बघा. १२१० असेल तर पहिले दोन आकडे मालासकट एकूण वजनाचे, म्हणजे बारा टन, आणि पुढचा दहा म्हणजे साधारण शंभर हॉर्सपॉवर. १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस. इंजिनाच्या नंबरातही असाच हिशेब आहे: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. हे कळलं की मेकॅनिकचं अर्धं बोलणं आपोआप समजतं.

आकड्यापुढे ‘एसई’ असेल तर ती सेमी-फॉरवर्ड, म्हणजे अर्धं इंजिन नाकात आणि अर्धं केबिनमध्ये. त्या गाडीत वडिलांची डावी पोटरी उन्हाळाभर भाजून निघाली असणार. इंजिनाच्या कव्हरवर गोणपाट टाकायचो आम्ही, तरी कसारा चढताना धग पँटमधून लागायची. पॉवर स्टिअरिंग नाही. उतारावर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा मारायचा, मधे ॲक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिनाचा सूर कानाने जुळला की दांडा पुढे ढकलायचा. सूर चुकला तर गिअरबॉक्स असा करकरतो की शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर वळून बघतो. आताच्या माझ्या गाडीत यातलं काही नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकांना तर एसी केबिनची सक्ती झाली आहे. ती फार आधी व्हायला हवी होती. पण गाडी कानाने चालवायला मला त्या नाकाच्या बेंझने शिकवलं, म्हणून माझ्या टेबलावर पहिली जागा तिची आहे.

काका, मी बारावीत आहे. आजोबांसाठी १२१० एसईची प्रतिकृती बनवायची आहे. सनबोर्ड आणि आइस्क्रीमच्या काड्या आणून ठेवल्या आहेत. स्केल कोणतं घेऊ आणि मापं कुठून मिळवू? (एक वाचक, परळ)

पोरी, सगळ्यात आवडलेलं पत्र तुझं.

स्केल १:२४ घे. परदेशी ट्रकांचे किट या मापात येतात, त्यामुळे टायर किंवा आरसे कधी विकत घ्यावे लागले तर जुळतात. अमेरिकन ट्रकांचे किट बऱ्याचदा १:२५ चे असतात, ते वापरलेस तरी डोळ्याला फरक कळणार नाही. आता हिशेब. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ४२२५ मिलिमीटर असलेली गाडी आपल्याकडे भरपूर चालली. मॉडेलच्या आकड्यानंतर तिरकी रेघ देऊन ४२ लिहिलेलं असतं ते हेच. त्याला २४ ने भाग, १७६ मिलिमीटर आले. ९.००-२० चा टायर साधारण एक मीटर दोन सेंटीमीटर उंच, म्हणजे तुझं चाक ४२ मिलिमीटरचं. हे दोन आकडे बरोबर बसले की गाडी लांबूनही ओळखू येते. हे चुकले, तर बाकी कितीही नक्षी केलीस तरी ती खेळण्यातली दिसेल.

मापं पुस्तकातून घेऊ नकोस, गाडीवरून घे. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला नाहीतर आमच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटपाशी रविवारी सकाळी ये, घरच्या मोठ्या कुणाला तरी सोबत आण. माल चढत-उतरत असताना जवळ जायचं नाही. ड्रायव्हरचा चहा झाला की विचारायचं. गाडीचं माप घ्यायचंय म्हटलं की नाही म्हणणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय. नाकाची गाडी आता लांबच्या मालाला क्वचित दिसते, नॅशनल परमिटला वयाची अट असते. पण पाण्याच्या टँकरखाली आणि खडीच्या खाणींवर अजून सापडते. फोटो काढताना मोबाइल जवळ नेऊ नकोस, जवळून नाक फुगल्यासारखं येतं. वीस पावलं मागे जा, झूम कर आणि गाडीच्या बरोब्बर समोरून आणि बाजूने घे. चाकाला टेकवून एक फूटपट्टी उभी ठेव. टेपने घ्यायचं राहून गेलेलं माप घरी त्या पट्टीवरून काढता येतं.

आता तुझं सामान. सनबोर्ड फक्त आतल्या सांगाड्याला वापर, त्याच्या कडा दबतात आणि रंग लावला की फोम दिसतो. केबिनला एक मिलिमीटरची प्लास्टिक शीट लागेल, अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या स्टेशनरी दुकानांत चौकशी कर. आइस्क्रीमची काडी हौद्याला, म्हणजे माल भरायच्या लाकडी पेटीला, चालणार नाही. ती दोन मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या गाडीत जवळजवळ पाच सेंटीमीटरची फळी झाली, एवढी जाड फळी कोणता मालक लावेल? कॉफी ढवळायच्या पातळ काड्या घे. फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, बिजागऱ्या आणि साखळी खरी कर, फाळका खाली पडला पाहिजे. आजोबा पहिल्यांदा तोच उघडून बघतील.

पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, हे माझं लाडकं काम. खऱ्या पाट्यातली एकेक पट्टी बोटभर जाड असते, आपल्या मापात अर्धा-पाऊण मिलिमीटर. जाड लग्नपत्रिकेचा पुठ्ठा अगदी तेवढा भरतो. पट्ट्या काप, एकीपेक्षा दुसरी थोडी आखूड, एकावर एक चिकटव आणि ओल्या गोंदातच बाटलीवर वाकवून वाळव. मागचे पाटे पुढच्यांपेक्षा जाड हवेत आणि मागची चाकं जोडीने. रिकामी गाडी मागून उंच उभी राहते, भरलेली बसते. तुझी गाडी रिकामी की भरलेली, हे पाटे चिकटवण्याआधी ठरव.

रंगाचं विचारलं नाहीस, पण सांगतो. नॅशनल परमिटच्या गाडीला नियमाने सुक्या पानाचा तपकिरी रंग आणि भोवती पांढरा पट्टा असायचा, म्हणून जुन्या फोटोंत इतक्या तपकिरी गाड्या दिसतात. नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं तर लिही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आली, पण तुझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची. समोर काचेवर काय लिहायचं ते आजोबांनाच विचार, कोणाची एकवीरा असते, कोणाचा जोतिबा.

शेवटी मळ. बाजारातल्या प्रतिकृती बघून मुलं सगळीकडे गंज फासतात. चालती गाडी अशी नसते, मालक तिला जपतो. मळ कुठे बसतो ते बघ: डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली एक काळा ओघळ, कारण भरताना सांडतं आणि त्यावर धूळ धरते. ड्रायव्हरच्या दारावर हँडलमागे तळहाताएवढा रंग उडालेला. पायरीची बाहेरची कड घासून पांढरी. ज्या आकड्यांना ताडपत्रीचे दोर बांधतात, त्यांच्याखालच्या लाकडावर दोराने पाडलेल्या खाचा. बंदरावर चालणारी असेल तर खाऱ्या हवेने दाराची खालची शिवण आधी गंजते, छप्पर नाही. एवढंच कर, बाकी गाडी धुतलेली ठेव.

अमेरिकन ट्रकांची नाकं एवढी लांब का? आपल्या आणि युरोपच्या गाड्या चपट्या तोंडाच्या का? (एक वाचक, ठाणे)

कायद्यामुळे. ट्रेलरसकट पूर्ण गाडीची लांबी मोजली तर नाकाची लांबी मालाच्या जागेतून जाते, म्हणून मालक चपटं तोंड घेतो. युरोपात आजही तसंच आहे, साध्या ट्रेलर-गाडीला एकूण साडेसोळा मीटर. अमेरिकेतही पूर्वी राज्याराज्यांत असेच नियम होते आणि तिथेही चपट्या गाड्या खूप होत्या. १९८२ च्या कायद्याने मोठ्या हमरस्त्यांवर पूर्ण गाडीची मोजणी बंद केली, फक्त ट्रेलर मोजायचा. मग ड्रायव्हरला जे हवं होतं ते परत आलं: पुढे लांब इंजिन, मागे झोपायची खोली. इंजिन पायाखाली नसतं, धग नाही, आणि बॉनेट उचललं की मेकॅनिक उभ्याने काम करतो.

मला त्यातली पीटरबिल्ट ३५९ सगळ्यात देखणी वाटते. १९६७ ते १९८७ एवढी वर्षं ती बनली. चौकोनी नाक, दोन्ही बाजूंना उभी धुराडी, बाहेर टांगलेले गोल एअर क्लीनर, काही लपवलेलं नाही. कंपनी १९३९ ची, पीटरमन नावाच्या लाकूड व्यापाऱ्याने काढलेली. त्याला स्वतःचे ओंडके जंगलातून आणायला दमदार गाड्या हव्या होत्या. मॅक या अमेरिकन कंपनीचा ट्रक बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: बॉनेटवरचा बुलडॉग सोनेरी रंगवला तर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल सगळं मॅकचंच, असा त्याचा अर्थ होतो. नाहीतर तो चंदेरी. किटच्या डब्यावरचं चित्र बघून रंग देऊ नका.

आजोबा कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये कामाला होते. ते म्हणायचे तिथे ट्रकही बनायचे. आम्हाला तर फक्त पद्मिनी माहीत. (एक वाचक, नेहरूनगर, कुर्ला)

बनायचे! वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरच्या साहाय्याने. डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांचे ट्रक निघायचे. नाव आणि जाळी वेगळी, खाली गाडी बहुतेक एकच. त्याच्याही आधी, १९२८ पासून, जनरल मोटर्स शिवडीला शेव्हरोले जोडायची. म्हणजे ट्रक जोडायचं काम मुंबईत जमशेदपूरच्या आधीपासून चाललं होतं, आणि हे आपल्याच मुलांना माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मला फार्गोची प्रतिकृती करायची आहे आणि तिच्या डॅशबोर्डचा एकही स्वच्छ फोटो मिळालेला नाही. आजोबांच्या ट्रंकेत एखादं माहितीपत्रक, बिल्ला, कामगारांचा ग्रुप फोटो, काहीही असेल तर मासिकाच्या पत्त्यावर प्रत पाठवा. मूळ कागद पाठवू नका.

घर एका खोलीचं आहे. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर ठेवायचाय. (एक वाचक, लालबाग)

१:२४ मध्ये नुसता कंटेनर ५०८ मिलिमीटर होतो, पुढे घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी, जोडला की टीव्हीच्या फळीवर मावत नाही. १:५० घ्या, कंटेनर २४४ मिलिमीटर. धातूचे चांगले ट्रेलर याच मापात येतात. अजून लहान हवं तर १:८७, कंटेनर १४० मिलिमीटर, आगगाडीच्या मॉडेलवाल्यांचं हे माप.

गावी वडिलांची जुनी नाकाची टाटा उभी आहे. पासिंग संपलंय, भंगारवाला मागे लागलाय. व्हिंटेज म्हणून नोंद होईल का? (एक वाचक, भांडुप)

२०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी केंद्राचा नियम आला. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना त्यात वेगळा नंबर मिळतो. पण तो दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. हे मला पटत नाही. एखाद्या शेठची मोटार वारसा ठरते आणि गिरण्यांचा कापूस, नाशिकचा कांदा, बंदराचं पोलाद ज्या गाड्यांनी वाहिलं त्या भंगार, हा न्याय नव्हे. नियम बदलावा म्हणून ट्रकवाल्यांच्या संघटनांनी मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर तुमच्या हातात काय आहे? खासगी जमिनीवर, रस्त्यावर न आणता गाडी ठेवता येत असेल तर ठेवा. चाकांखाली लाकडी ठोकळे द्या, टाकीतलं डिझेल काढा, बॅटरी उतरवा, वर ताडपत्रीऐवजी पत्र्याची शेड करा, ताडपत्रीखाली ओल धरते आणि पत्रा सडतो. जागा नसेल आणि गाडी मोडीतच जाणार असेल तर आरटीओत नोंदणी रीतसर रद्द करून घ्या, नाहीतर कर आणि दंडाची पत्रं तुमच्याच नावाने येत राहतील. मात्र भंगारवाल्याशी भाव ठरण्याआधी बोलून घ्या की नाक, जाळी, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड तुम्ही काढून घेणार. कटर चालला की हे पहिल्या तासात जातं. आणि त्याच्याही आधी मला कळवा. टेप घेऊन मी येतो, गाव कुठलंही असो, चेसिसची आणि केबिनची सगळी मापं उतरवून घेऊ.